चेंडूचे घर आणि कुस्तीची लाट

बेसबॉलचे दिवस भरले, आता मारामारीच्या खेळांचे राज्य आले, असे वाटावे अशी वेळ जपानमध्ये निदान दोनदा आली. दोन्ही वेळा बेसबॉल टिकला. याचे मर्म मात्सुतारो शोरिकी यांच्या चरित्रात सापडते. कारण या दोन्ही खेळांच्या लोकप्रियतेला त्यांचा हातभार लागला होता.

शोरिकी यांचा जन्म १८८५ मध्ये तोयामा प्रांतात झाला. विद्यार्थिदशेपासून ते ज्यूदोचे निष्ठावंत उपासक होते. पुढे ते टोकियो पोलिस दलात वरिष्ठ अधिकारी झाले. १९२३ च्या भूकंपानंतर अफवा उठल्या आणि हजारो कोरियन लोकांची कत्तल झाली. त्या अफवांना पोलिसांनीही खतपाणी घातले होते. हा डाग शोरिकी यांच्या चरित्रातून पुसता येत नाही. त्याच वर्षाअखेरीस युवराजांवर हल्ला झाला. सुरक्षेतील त्रुटीमुळे शोरिकी यांची नोकरी गेली आणि १९२४ मध्ये त्यांनी डबघाईला आलेले ‘योमिउरी’ हे वृत्तपत्र विकत घेतले.

वृत्तपत्राचा खप वाढावा म्हणून त्यांनी १९३४ मध्ये बेब रूथसह अमेरिकन खेळाडूंचा संघ जपानात आणला. सतरा वर्षांच्या एइजी सावामुराने रूथ आणि गेरिग यांच्यासह चौघांना लागोपाठ बाद केले. तो सामना जपानने एका धावेने गमावला. परंतु देशाने आपला नायक मिळवला. त्याच वर्षी शोरिकी यांनी व्यावसायिक संघ स्थापला. तोच पुढे ‘जायंट्स’ या नावाने गाजला. परक्यांना बोलावल्याचा राग धरून १९३५ मध्ये एका उग्र राष्ट्रवाद्याने त्यांच्यावर तलवारीने वार केला, ते बचावले.

महायुद्धानंतर युद्धगुन्ह्यांचे संशयित म्हणून त्यांना तुरुंगवास घडला. सुटकेनंतर १९५३ मध्ये त्यांनी देशातील पहिली खासगी दूरचित्रवाणी सुरू केली. संच नोकरदारांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून त्यांनी ते चौकाचौकांत उभारले. १९५४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेहून आलेल्या शार्प बंधूंना रिकिदोझान भिडला, तेव्हा त्या संचांपुढे अफाट गर्दी लोटली. पराभूत राष्ट्राचा मानभंग जणू तो मल्ल धुऊन काढीत होता. मात्र तो जन्माने कोरियन होता, ही गोष्ट लोकांपासून लपवून ठेवली होती.

१९६३ मध्ये चाकूहल्ल्यानंतर रिकिदोझानचा मृत्यू झाला. त्याची संस्था पुढे दहा वर्षेच तगली. १९६९ मध्ये शोरिकी निवर्तले. तरीही जायंट्सनी १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ विजेतेपदे मिळवली. २००३ च्या वर्षाअखेरीच्या रात्री किकबॉक्सिंगच्या एका लढतीने सरकारी वाहिनीच्या परंपरागत गाण्यांच्या कार्यक्रमालाही काही मिनिटे मागे टाकले. पण गुन्हेगारी जगताशी संबंध असल्याच्या आरोपांमुळे ‘प्राइड’ ही बलाढ्य स्पर्धा २००७ मध्ये संपुष्टात आली. उलट २०२३ मध्ये जपानने अमेरिकेला हरवून बेसबॉलचे जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक घरांत तो सामना पाहिला गेला.

शोरिकी यांनी कुस्तीला केवळ प्रेक्षक दिले. बेसबॉलला मात्र संघ दिला. एका मल्लाच्या पराक्रमावर उभी राहिलेली लोकप्रियता त्याच्याबरोबरच ओसरते. शाळेच्या मैदानापासून साखळी सामन्यांपर्यंत ज्याची घडी बसलेली आहे, तो खेळ आपल्या नायकांनंतरही जगतो. लोकांना जमवणे आणि लोकांसाठी काही उभारणे, यांतील हे अंतर खेळापुरतेच खरे नाही.