वाँटेजला राहिलेल्या पंडिता रमाबाई

मुलांनो, ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येला वाँटेज नावाचे एक छोटे गाव आहे. आल्फ्रेड राजाचा जन्म तिथला, म्हणून बाजारचौकात त्याचा पुतळा उभा आहे. इतिहासाच्या तासाला हे तुम्ही शिकला असाल. त्याच गावात १८८३ साली पंचवीस वर्षांची एक मराठी विधवा आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन राहायला आली, हे मात्र इथल्या शाळेत सहसा कोणी सांगत नाही. म्हणून या अंकात आम्ही सांगतो.

त्यांचे नाव पंडिता रमाबाई. तुमच्या आईबाबांनी हे नाव लहानपणी ऐकलेले असते, पण बहुधा एका वाक्यापुरतेच: संस्कृतच्या मोठ्या विदुषी होत्या आणि पुढे ख्रिस्ती झाल्या. आमच्या मते खरी गोष्ट त्या 'पुढे'नंतर सुरू होते. ख्रिस्ती झाल्यावर आपले काय बदलायचे आणि काय बदलायचे नाही, हे कोणी ठरवायचे? चर्चने की आपण? या प्रश्नावरून रमाबाईंचे आयुष्यभर कोणाशी ना कोणाशी वाजत राहिले.

आधी थोडे लहानपण. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. बायकांनी संस्कृत शिकणे तेव्हा पाप समजत, म्हणून त्यांना लोकांचा बराच रोष सहन करावा लागला. रमाबाईंना आईने शिकवले. बारा वर्षांच्या होईपर्यंत भागवताचे १८,००० श्लोक त्यांना पाठ होते. (आपल्या वर्गात पाढ्यांची कुरकूर करणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा!) हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडत असे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊही वारला. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केले. जात वेगळी, भाषा वेगळी, त्यामुळे लग्न नोंदणी पद्धतीने. दोन वर्षांच्या आत पटकीने पतीही गेले. पदरात मनोरमा होती.

१८८२ साली रमाबाई पुण्याला आल्या. त्यांनी आर्य महिला समाज काढला. सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना आपल्या देशाला स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असे सांगितले. आपणही डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनात होते. वाँटेजच्या सेंट मेरी मठातल्या सिस्टर्स पुण्यात काम करत असत, त्यांच्या ओळखीने इंग्लंडला जायचे ठरले. भाड्याच्या पैशासाठी 'स्त्री-धर्म-नीति' हे आपले पुस्तक त्यांनी विकले.

इंग्लंडला आल्यावर डॉक्टरकीचे स्वप्न मागे पडले, कारण त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. लंडनमधल्या फुलहॅमला मठाच्या सिस्टर्स एक घर चालवत असत. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत. असे काम रमाबाईंनी भारतात कुठे पाहिले नव्हते. त्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. मनोरमाचाही बाप्तिस्मा झाला. पुण्यात मोठा गहजब झाला. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली.

आता मठातल्या कुरबुरी. त्या आम्हाला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली जेवणाची. रमाबाई शाकाहारी होत्या आणि बाप्तिस्मा घेतल्यावरही शाकाहारीच राहिल्या. पुडिंगमध्ये अंडे असले की त्या ते बाजूला ठेवत. शाळेच्या जेवणात तुमच्यापैकी कितीजणांवर ही वेळ येते! त्यांची देखभाल करणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. आजीबाईंना वाटले, हा जुन्या जातीचा अभिमान आहे, खऱ्या ख्रिस्ती बाईने तो सोडायला हवा. रमाबाईंनी उलट कळवले की आपण हिंदी आहोत आणि वाडवडिलांच्या चालीरीती जमतील तितक्या पाळणे आपल्याला आवडते.

दुसरी क्रुसाची. सिस्टर्सच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असत. रमाबाईंना आपल्या क्रुसावर संस्कृत हवे होते. लॅटिन भारतात कोणाला कळणार, असा त्यांचा साधा सवाल होता. आजीबाईंच्या दृष्टीने लॅटिन ही साऱ्या चर्चची जुनी भाषा होती. दोघींचे म्हणणे आम्ही शांतपणे ताडून पाहिले, तर रमाबाईंचा मुद्दा आम्हाला जास्त पटतो. येशू काही लॅटिन शाळेत शिकला नव्हता. पण एक गंमतही लक्षात ठेवा. त्या काळी भारतातल्या खेड्यातल्या बाईला संस्कृत तरी कुठे कळत होते? पुढे म्हातारपणी रमाबाईंनी याचा विचार केला, ते आपण पाहूच.

तिसरी गोष्ट थोड्या मोठ्या मुलांसाठी. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात रमाबाई शिकत आणि संस्कृत शिकवत. तिथल्या मुख्य बाई डोरोथिया बील यांचा त्यांच्यावर जीव होता. भारतात जाणाऱ्या इंग्रज पुरुषांना रमाबाईंनी भारतीय भाषा शिकवाव्यात अशी एक कल्पना निघाली. त्यावर लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले तर भारतात तिचे वजन जाईल, असे त्यांना वाटले. रमाबाई फार चिडल्या. कलकत्त्यात आणि पुण्यात त्या शेकडो पुरुषांपुढे व्याख्याने देऊन आल्या होत्या! सनातनी शास्त्र्यांपुढे बोलायला मुभा होती, आणि विलायतेत, नव्या धर्मात, तीच बंद होत होती. आपल्याला कळते त्या गोष्टीत निर्णय आपणच घेणार, हे त्यांनी पत्रे लिहून स्पष्ट केले.

आणि चौथी, खुद्द श्रद्धेची. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन मिळून एकच देव, हे त्यांना पटकन पटेना. त्या प्रश्न विचारत राहिल्या. जे आपल्याला पटलेले नाही ते मनोरमेला शिकवू नका, असेही त्यांनी मठाला सांगितले. आजीबाईंना हा उद्धटपणा वाटला. बील बाईंनी मात्र लांबलचक पत्रे लिहून त्यांच्याशी वाद घातला. एकाच चर्चमधल्या या दोन बायका. एकीने आज्ञा मागितली, दुसरीने चर्चा केली. रमाबाईंनी शेवटपर्यंत दोघींवरही प्रेम केले.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी ११ मार्चला फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, तो समारंभ पाहायला. तिथे त्यांनी सवर्ण हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १८८७ साली निघाले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी मंडळ स्थापन झाले. त्यात वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती होते, आणि रमाबाईंच्या शाळेला दहा वर्षे पैसे देण्याचे त्यांनी कबूल केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले. (तारीख पाहिलीत ना? बरोबर तीन वर्षांनी.) बालविधवांसाठी ही शाळा होती. मुलींना आपापला धर्म आणि सोवळेओवळे पाळायची मोकळीक होती. पहिल्या मुलींमध्ये गोदूबाई होत्या. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. म्हणजे महर्षी कर्व्यांच्या घरात हे शिक्षण पोचले ते या ख्रिस्ती बाईंच्या शाळेतून.

तरीही रमाबाई दोन्हीकडून बोलणी खात होत्या. काही मिशनऱ्यांची तक्रार होती की ख्रिस्ती बाईची शाळा असून तिथे बायबल शिकवत नाहीत. शाळा पुण्याला आल्यावर लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ची तक्रार नेमकी उलट होती. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करत, आणि काही मुली जाऊन बसत. 'केसरी'ला हा धर्मांतराचा डाव वाटला. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर शाळा वाचली असती का? आमच्यात यावर दोन मते आहेत. आपल्याच घरात मुलांदेखत प्रार्थना करायची नाही, हे कोणत्याच आईला मान्य होणार नाही. पण त्या लहान, एकट्या, पूर्णपणे रमाबाईंवर अवलंबून असलेल्या मुली होत्या, हेही खरे.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेगच्या दवाखान्यात बायकांचे जे हाल होत, त्यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये कडक पत्र लिहिले. ख्रिस्ती झाली म्हणजे बाई साहेबांच्या बाजूची, असे समजणाऱ्यांनी हे विसरू नये.

त्याच सुमारास मध्य प्रांतात आणि पुढे १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः दुष्काळ पाहिलेला. त्या तिथे जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभे राहिले. तिथे सुमारे दोन हजार माणसे राहू लागली. शेती, विणकाम, छापखाना, सगळे बायका चालवत. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षे १८९८ साली संपली, आणि त्यानंतर ही उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. शारदा सदनातला जुना तटस्थपणा उरला नाही. तो का सोडला, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे.

शेवटची वर्षे एका मोठ्या कामात गेली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मराठीत आणले. तेव्हा जी मराठी बायबले होती, ती त्यांना फार पंडिती वाटत. त्यांतले संस्कृत धार्मिक शब्द मूळ अर्थ बदलून टाकतात, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांना खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा हवी होती. तरुणपणी क्रुसावर संस्कृत मागणाऱ्या, १८,००० श्लोक पाठ असणाऱ्या रमाबाईंनी आता तेच संस्कृत वेचून बाजूला काढले! आणि हे पुस्तक मुक्तीतल्या मुलींनीच छापखान्यात जुळवले.

१९२१ साली मनोरमाबाई गेल्या. आईच्या पश्चात संस्था त्या सांभाळणार होत्या. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. बायबल पूर्ण छापून बाहेर पडले ते १९२४ साली. केडगावची संस्था आजही चालू आहे. भारत सरकारने १९८९ साली रमाबाईंचे टपाल तिकीट काढले.

चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत दरवर्षी ३० एप्रिलला ज्यांची आठवण काढतात, त्यांत आता पंडिता मेरी रमाबाई हे नाव आहे. नावापुढे त्यांचे काम लिहिलेले असते: बायबलच्या अनुवादक.