जोड घट्ट तर बंदूक खरी : ग्रीनर यांची गोष्ट

शेतकरी बंधूंनो, भुईमुगात रानडुकरं उतरायला लागली की पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक बाहेर निघते. ती दुनळी असली आणि नळ्या जुन्या झाल्या असल्या, तर कुणीतरी सुचवतो, त्याच बोअरच्या नळ्यांची जोडी अमक्याकडे पडून आहे, घ्या आणि बसवून टाका. बसेल का हो ती? हे सांगण्याआधी एका माणसाची ओळख करून देतो. नळ्या आणि मागच्या भागाचा जोड घट्ट कसा राहील, याच एका प्रश्नाने त्याच्या घरात फूट पाडली होती.

विल्यम वेलिंग्टन ग्रीनर यांचा जन्म १८३४ साली इंग्लंडमध्ये झाला. वडील विल्यम ग्रीनर हे नामांकित बंदूक कारागीर. १८४४ मध्ये त्यांनी न्यूकॅसलहून आपला धंदा बर्मिंगहॅम शहरात नेला. तेव्हा बंदूक म्हणजे ठासणीची. दारू आणि छर्रे तोंडाकडून भरायचे, गज मारून ठासायचे. नळीचे बूड कायमचे बंद.

१८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात फ्रान्सची नवी बंदूक आली. ती मध्यावर मोडायची आणि काडतूस मागून भरायचे. तरुण ग्रीनरना ती पटली, वडिलांना नाही. वडिलांचे म्हणणे खुळचट नव्हते, बरं का. मधोमध उघडणारी बंदूक बारामागून बार सोसून खिळखिळी होणारच, असा त्यांचा हिशोब होता, आणि त्या काळच्या बऱ्याच बंदुका होतही होत्या. पण मुलगा ऐकेना. १८५५ मध्ये त्याने वेगळी चूल मांडली आणि मागून भरायच्या बंदुका बनवू लागला. वडील १८६९ मध्ये वारले, ते शेवटपर्यंत ठासणीचेच. त्यानंतर दोन्ही धंदे मुलाने एकत्र केले.

मुलाचे शहाणपण असे, की वडिलांशी भांडला तरी त्यांची शंका त्याने विसरली नाही. बार उडाला की दाब काडतुसाला मागे रेटतो आणि बंदूक बिजागरीवर उघडू पाहते. खालच्या बाजूला अडसर असतोच, पण ग्रीनर यांनी वरच्या बाजूलाही एक दिला. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीचे टोक मागे वाढवले, त्याला भोक पाडले, आणि बंदूक मिटली की मागच्या भागातला आडवा गोल खिळा त्या भोकातून आरपार जाईल अशी योजना केली. दाराला खाली कडी आणि वर आगळ, तसेच हे. १८६५ पासून सुरू झालेली ही कल्पना १८७३ पर्यंत पक्की झाली. पुढे नळीचे तोंड किंचित आवळून छर्रे लांबवर एकत्र ठेवण्याच्या कामातही त्यांनी नाव मिळवले. ती कल्पना पहिल्यांदा त्यांची नव्हे, पण १८७५ च्या लंडनच्या चाचण्यांत त्यांच्या बंदुका सरस ठरल्या. १८८१ मध्ये त्यांनी बंदुकीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि १९२१ मध्ये ते वारले.

आता आपल्या नळ्यांकडे वळू. चांगले कारखानदार एका बंदुकीला दोन जोड्या देत, एक जवळच्या माऱ्याला, दुसरी लांबच्या. दोन्हींवर बंदुकीचाच नंबर आणि १, २ अशी खूण. कारण दोन्ही जोड्या त्याच बंदुकीवर हाताने बसवलेल्या असत. कारागीर दिव्याची काजळी लावतो, नळ्या बसवतो, काढून बघतो आणि काजळी जिथे पुसली तिथेच कानशीचा हलका हात मारतो. इंजिनाचे बेअरिंग बसवताना मेकॅनिक निळा रंग लावून बघतो, तसेच हे काम. बिजागरीचा खिळा, खालचा अडसर आणि नळ्यांचे बूड या तिन्ही ठिकाणी लोखंडाला लोखंड एकाच वेळी भिडले पाहिजे. शिवाय टाचणी काडतुसाच्या टोपीवर बरोबर मध्ये बसली पाहिजे.

म्हणून बोअर सारखा म्हणजे नळी सारखी, हे गणित चुकीचे. बैलगाडीचे चाक दुसऱ्या गाडीच्या आसावर चढेल, पण चालेल का? कानस जास्त लागली तर गेलेले लोखंड परत येत नाही. फटीत पत्र्याचा तुकडा घालून काम भागवणे म्हणजे आपल्याच तोंडासमोर सुरुंग ठेवणे.

तुमच्याकडे असलेली दुनळीही तपासा. आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा. मग नळ्यांखालचे पुढचे लाकूड काढा आणि मिटलेली बंदूक कानाजवळ धरून हलवा. खडखड आली किंवा मागच्या जोडातून उजेड दिसला, तर ती बंदूक वापरू नका.

आणि कायद्याचे ध्यानात ठेवा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात सुटी नळीसुद्धा शस्त्रातच मोडते. परवान्याशिवाय ती घेता येत नाही, आणि दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करायची. गावच्या लोहाराला भरीला घालू नका, तोही अडकेल. पोलीस पाटलांनी एवढे चावडीवर सांगितले तरी पुष्कळ.

ग्रीनर बापलेकांचे जन्मभर पटले नाही. पण जोड ढिला असेल तर बंदूक धन्यावरच उलटते, या एका गोष्टीवर दोघांचे एकमत होते. डुकराने खाल्लेला भुईमूग पुढच्या हंगामात परत पिकेल. गेलेला डोळा आणि तुटलेली बोटे परत येत नाहीत.