खान वाईत तळ देऊन बसला होता आणि महाराजांपुढे प्रश्न होता, भेटीला जाताना अंगावर काय घालायचं?

आपल्या मनगटावरचं स्मार्टवॉच बघा. बॅटरी चार दिवस चालायला हवी, पण घड्याळ जड नको. नाडीचे ठोके नीट मोजायचे तर पट्टा घट्ट हवा, पण घट्ट पट्ट्याने घाम येतो, चट्टा पडतो. मजबूत केलं की जाड होतं, बारीक केलं की नाजूक होतं. अंगावर घालायच्या कुठल्याही वस्तूत सगळं एकदम मिळत नाही. एका ठिकाणी कमावलं की दुसऱ्या ठिकाणी गमवावं लागतं.

आज मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनीअर याच हिशोबात डोकं घालून बसलेले असतात. पण साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी हाच हिशोब आपल्या सातारा जिल्ह्यात मांडला गेला होता. तिथे चूक झाली असती तर जीवच गेला असता. हिशोब मांडणारे होते छत्रपती शिवाजी महाराज.

गोष्ट पहिल्यापासून बघू.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, शिवनेरी किल्ल्यावरचा. वडील शहाजीराजे दक्षिणेतल्या राजकारणातले मोठे सरदार. लहानपण गेलं ते जिजाऊंच्या देखरेखीखाली, पुण्याच्या जहागिरीत. हा सगळा मावळचा मुलूख. डोंगर, खिंडी, घनदाट जंगल आणि चार महिने कोसळणारा पाऊस. इथे जड तोफा ओढत नेणं अवघड आणि पायवाटा माहीत असलेला हलका माणूस दहा जणांना भारी.

हा धडा त्यांच्या पुढच्या सगळ्या कारभारात दिसतो. घोडदळ वेगवान, सामानसुमान कमी आणि मोहीम उरकली की लगेच माघारी. दिल्ली आणि विजापूरच्या फौजा चालायच्या तेव्हा मागे अख्खं गाव चालायचं. तंबू, बाजार, हत्ती, उंट, नोकरचाकर. मराठ्यांच्या फौजेला हे ओझं नव्हतं.

अर्थात याची किंमत होतीच. मोकळ्या मैदानात समोरासमोर उभं राहून मोठ्या फौजेशी लढणं या हलक्या सैन्याला परवडणारं नव्हतं. म्हणून लढाई कुठे होणार हे आपण ठरवायचं, हा महाराजांचा आग्रह असायचा.

१६५६ मध्ये त्यांनी मोऱ्यांची जावळी घेतली. मग मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड उभा राहिला. कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा ताब्यात आल्या आणि विजापूरच्या आदिलशाहीला हे झोंबलं.

१६५९ मध्ये दरबाराने अफझलखानाला पाठवलं. खान आधी वाईचा सुभेदार राहिलेला होता, त्यामुळे हा मुलूख त्याला नवा नव्हता. हजारोंचं घोडदळ, तोफा, हत्ती, उंट घेऊन तो आला आणि वाईत तळ देऊन बसला.

आज आपण वाईला जातो ते ढोल्या गणपतीसाठी आणि कृष्णेच्या घाटांसाठी. खानाने वाई निवडली ती वेगळ्या कारणाने. नदीकाठचा सपाट, सुपीक मुलूख. माणसांना धान्य, जनावरांना चारा-पाणी आणि घोडदळाला मोकळी जागा. जड फौजेला हवं ते सगळं वाईत होतं.

म्हणूनच महाराज वाईकडे गेले नाहीत. ते प्रतापगडावर राहिले. आपण घाबरलो आहोत, वाईला यायची हिंमत होत नाही, खानानेच जावळीत यावं, असा निरोप गेला. खानाकडून कृष्णाजी भास्कर आणि महाराजांकडून पंताजी गोपीनाथ, अशा वकिलांच्या फेऱ्या झाल्या. शेवटी खान तयार झाला. वाईचं मैदान सोडून, रडतोंडीचा घाट उतरून त्याची फौज पारच्या खोऱ्यात आली. घाटाच्या नावातच वाटेची कल्पना येते. वाईत जे वजन खानाची ताकद होतं, तेच जावळीच्या जंगलात त्याच्या पायातली बेडी झालं.

पण फौजेचा प्रश्न सुटला तरी भेटीचा उरलाच होता.

खानाची ख्याती चांगली नव्हती. सिऱ्याच्या कस्तुरीरंगाला बोलणीसाठी बोलावून मारल्याचा डाग त्याच्या नावावर होता. महाराजांच्या घरातही दिवस वाईट होते. ५ सप्टेंबरला राजगडावर सईबाई गेल्या होत्या. संभाजीराजे जेमतेम अडीच वर्षांचे. महाराज स्वतः २९ वर्षांचे. भेटीत काही बरंवाईट झालं असतं तर तिथेच सगळं संपण्याची भीती होती.

भेट ठरली १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी उभारलेल्या शामियान्यात. दोघांनी मोजके अंगरक्षक आणायचे आणि तेही अंतरावर ठेवायचे. म्हणजे पहिले काही क्षण महाराजांसोबत असणार होतं ते फक्त त्यांनी अंगावर घातलेलं.

आता हिशोब बघा. संरक्षण तर हवंच, पण ते दिसायला नको. दिसलं तर संशय येणार आणि भेट मोडणार. भेटीत मिठी मारायची रीत, म्हणजे नुसतं डोळ्यांना नाही तर हातांनाही ते चटकन कळता कामा नये. गडावरून उतरून जायचं, म्हणून वजन झेपायला हवं. आणि झटापट झालीच तर वाकता, वळता आणि निसटता यायला हवं.

त्या काळी दख्खनमध्ये चिलखताचे बरेच प्रकार होते. त्यातला एक म्हणजे चारआईना. छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर पोलादाचे चार पत्रे. थेट भोसकलं तरी टिकणारा. पण पत्रा वाकत नाही. अंगरख्याखाली त्याच्या कडा उठून दिसतात आणि मिठीत तर लगेच कळतो.

दुसरा प्रकार कड्यांच्या चिलखताचा. लोखंडाची बारीक कडी, प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली. हे कापडासारखं अंगाबरोबर वळतं, त्यामुळे वरून कपडा घातला की झाकलं जातं. तलवारीची धार त्यावरून घसरते. उणीव एकच, पण मोठी. अरुंद टोकाच्या शस्त्राने जोरात भोसकलं तर कडी तुटू शकते. शिवाय वार अडला तरी त्याचा दणका अंगाला बसतोच, म्हणून आत जाड कपडा लागतो. जाड कपडा आला की उकाडा आला. आणि कड्यांचं सगळं वजन खांद्यांवर येतं. कंबर कसून बांधली की त्यातलं थोडं कमरेवर उतरतं.

महाराजांनी घातलं ते कड्यांचं चिलखत, वरून अंगरखा. मुंडाशाच्या आत लोखंडी टोप. ग्रँट डफने १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हेच वर्णन आहे. त्याच्या बरंच आधी, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत जरीची कुडती, मंदिलात बांधलेला टोप आणि कास कसलेला चोळणा असा तपशील येतो. कास कसणं बारीक गोष्ट वाटते, पण झटापटीत पायात सैल कपडा अडकला तर चिलखत काय कामाचं?

टोपाचाही असाच विचार. नुसता टोप घातला तर तो लढाईचा वेश झाला. त्यावर मंदिल बांधला की तो दरबारी वेश झाला. शिवाय कापडाचे पदर वाराचा जोर थोडा खाऊन टाकतात. एकाच वस्तूने लपवायचं आणि वाचवायचं, दोन्ही कामं केली.

राहिली शस्त्रं. सभासद आणि अज्ञानदासाचा पोवाडा, दोघांतही बिचवा आणि वाघनखं आहेत. कवी परमानंदाच्या शिवभारतात मात्र वाघनखांऐवजी कृपाण येते. वाघनखं म्हणजे पोलादी पट्टीवर बसवलेली वाकडी नखं आणि बोटांत घालायला दोन कडी. मूठ मिटली की नखं तळव्यात दडतात आणि बाहेर दिसतात फक्त अंगठ्या.

शस्त्र म्हणून वाघनखात खोट भरपूर. पल्ला जेमतेम बोटभर. तलवारीचा वार त्याने अडवता येत नाही. दोन हात लांब उभ्या माणसाला त्याने ओरखडाही काढता येत नाही. पण मिठीत अंतर उरतच नाही. जिथे लांब तलवार उपसायला जागा नाही, तिथे हेच आखूड शस्त्र कामाचं.

भेट झाली. खानाचा देह दांडगा, महाराजांचा बांधा लहान पण चपळ. खानाने त्यांची मान बगलेत दाबली आणि जमदाडाचा वार कुशीत केला. जमदाड म्हणजे भोसकण्यासाठीच केलेलं शस्त्र. म्हणजे चिलखताची जी उणीव होती, नेमका तिथेच घाव पडला. तो कुडतीवर खरखरला आणि अंगाला लागला नाही. पुढच्या काही क्षणांत खानाचं पोट फाटलं होतं.

मात्र इथे एक गोष्ट विसरायला नको. चिलखत आणि टोपाने पहिला वार झेलला, सगळे वार नाही. खानाचा सय्यद बंडा महाराजांवर धावून आला तेव्हा त्याला अडवलं ते जिवा महालाने. हा वाई परिसरातल्या कोंडवली गावचा. होता जिवा म्हणून वाचला शिवा ही म्हण त्याच्यावरूनच पडली. खानाला पालखीत घालून पळवणाऱ्यांना संभाजी कावजीने गाठलं. अंगावरच्या वस्तूने फक्त वेळ मिळवून दिला. तो वेळ वापरायला माणसं जवळ उभी होती आणि खाली जंगलात कान्होजी जेधे, नेताजी पालकर, मोरोपंत यांची फौज इशाऱ्याची वाट बघत होती.

अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला पन्हाळा स्वराज्यात आला.

महाराजांचं पुढचं आयुष्यही याच तराजूवर तोललेलं दिसतं. १६६३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला तो निवडक माणसं घेऊन. मोठी फौज नेली असती तर पोचण्याआधीच बोभाटा झाला असता. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगापुढे पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले. हलक्या फौजेचं बळ किती आणि मर्यादा किती, हे तिथे कळलं. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कैदेतून ते निसटले आणि गेलेले किल्ले १६७० पासून परत घ्यायला लागले.

वाईचा मुलूखही सलग हातात राहिला नाही. १६७३ मध्ये साताऱ्याचा किल्ला आणि वाईजवळचा पांडवगड स्वराज्यात आला. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला.

समुद्रावरही हाच हिशोब. १६७९ मध्ये खांदेरीवर इंग्रजांची मोठी जहाजं आली. त्यांच्या तोफांपुढे खोल पाण्यात मराठ्यांच्या छोट्या नावांचा टिकाव लागणं अवघड होतं. पण वल्ह्यांच्या हलक्या नावा उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात बेटावर रसद पोचवत राहिल्या. खांदेरी हातातून गेली नाही. ३ एप्रिल १६८० रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी, महाराज रायगडावर गेले.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून तीन वर्षांच्या कराराने वाघनखं महाराष्ट्रात आली आणि सगळ्यात आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. ग्रँट डफ साताऱ्यात रेसिडेंट असताना ती त्याला भेट मिळाली, असं सोबतच्या डबीवर कोरलेलं आहे. त्याच डबीवर अफझलखानाला मोगल सेनापती म्हटलंय, जो खरंतर आदिलशाहीचा सरदार होता. हीच ती वाघनखं का, याची खात्री देता येत नाही, असं लंडनच्या म्युझियमनेच सांगितलं आहे. त्यावरून वादही झाले.

पण ती खरी असोत वा त्याच घडणीची दुसरी असोत, बघायला गेलेल्या बहुतेकांना धक्का बसतो तो आकाराचा. एका मुठीत मावेल एवढीशी वस्तू. हिच्यावर भरवसा ठेवून गड उतरायचा तर आधी वाई, पार, जावळी आणि जिवा महाला, हे सगळं जागेवर असावं लागतं. त्या दिवशी ते होतं.