पठ्ठे बापूराव

आपले बरेच सभासद शिरूर-दौंडच्या खेड्यांतून आलेले. त्यामुळे जत्रेतला तमाशा किंवा चौफुल्याची कलाकेंद्रं कुणाला नवीन नाहीत. पण ज्याच्या लावण्या तिथे गाजल्या, तो माणूस तरुण मंडळींना फारसा ठाऊक नसतो.

श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष. घरी कुलकर्णीपणाचं वतन. ते सोडून हा ब्राह्मणाचा मुलगा तमाशात शिरला, दलित कलावंतांमध्येच राहिला आणि पठ्ठे बापूराव झाला. आज हे बोलायला सोपं आहे हो! त्या काळी घरादाराला आणि जातीला कायमचं मुकणं होतं ते. मी बँकेत असताना फडमालक सुगीआधी कर्ज मागायला यायचे, तारण काय म्हटलं की गप्प बसायचे. बापूरावांनी तर हातातलं वतनच सोडलं होतं.

पुढे संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा फडात आली. त्यांची कवनं आणि तिचा गळा, मुंबईत नुसती झुंबड उडायची. ‘मिठाराणी’चा वगही फार गाजला. आपण दोन लाख लावण्या रचल्या असं ते सांगत. छापून उरल्या त्या मानाने थोड्याच.

मग पवळेशी बिनसलं आणि फड उतरणीला लागला. डिसेंबर १९४५ मध्ये पुण्यात वारले, तेव्हा गाठीला काही नव्हतं. पाचच वर्षांनी त्यांच्या नावाचा सिनेमा निघाला.