नोंदवहीतून चाललेले इंटरनेट: जॉन पोस्टेल यांची तीन दशके

जॉन पोस्टेल यांचे १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ५५ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा ते कोणत्याही सरकारात पदाधिकारी नव्हते आणि कोणत्याही कंपनीचे मालक नव्हते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत ते एका विभागाचे संचालक होते. तरीही जगभरातील इंटरनेटवर कोणत्या जाळ्याला पत्त्यांचा कोणता संच द्यायचा, कोणत्या सेवेला कोणता क्रमांक द्यायचा आणि एखाद्या देशाच्या नावाची नोंद कोणाकडे सोपवायची, याबाबत दीर्घकाळ त्यांचाच शब्द अंतिम मानला जात होता. अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन कंत्राटाखेरीज या अधिकाराला कागदोपत्री आधार नव्हता. तो उभा होता सुमारे तीस वर्षे चोख ठेवलेल्या हिशेबावर आणि त्यातून मिळालेल्या विश्वासावर. असा विश्वास एका व्यक्तीच्या पश्चात कोणाकडे जातो, हा प्रश्न त्यांच्या अखेरच्या वर्षांत प्रत्यक्ष उभा राहिला.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. इंटरनेटच्या इतिहासात पुढे गाजलेले व्हिंटन सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. मात्र तिघांनी एकत्र काम केले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, प्रा. लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पानेट’ या संगणकजाळ्याचे पहिले केंद्र तेथे उभे राहिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तेथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाशी जोडणी करण्याचा पहिला प्रयत्न झाला. ‘लॉगिन’ या शब्दाची दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा बंद पडली. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न झाला आणि तो यशस्वी ठरला.

यंत्रे तारेने जोडणे तुलनेने सोपे होते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या घडणीच्या संगणकांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचे, याचे नियम मात्र कोणीच लिहिलेले नव्हते. ते काम विद्यार्थ्यांकडे आले. वरिष्ठांना आपण अधिकाराबाहेर बोलत आहोत असे वाटू नये म्हणून क्रॉकर यांनी या टिपणांना नम्र नाव दिले: ‘रिक्वेस्ट फॉर कमेंट्स’, म्हणजे अभिप्रायासाठी विनंती. पहिले टिपण ७ एप्रिल १९६९ रोजीचे आहे. ‘आरएफसी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेची संख्या आज नऊ हजारांच्या पुढे गेली आहे आणि इंटरनेटची बहुतेक मूलभूत मानके तिच्यातच प्रसिद्ध झाली आहेत. मालिकेच्या संपादनाची जबाबदारी पोस्टेल यांनी अगदी प्रारंभीच्या काळात स्वीकारली आणि मृत्यूपर्यंत सांभाळली. मजकूर तपासणे, भाषा सुधारणे, क्रमांक देणे, आणि जे प्रसिद्ध होण्यायोग्य नाही ते परत पाठवणे, असे ते काम होते. प्रसिद्ध झालेले टिपण नंतर बदलायचे नाही आणि दुरुस्ती हवी असेल तर नवे टिपण काढायचे, ही शिस्त या मालिकेने पाळली. त्यामुळे इंटरनेटच्या तांत्रिक निर्णयांचा इतिहास कोणालाही क्रमाने वाचता येतो.

क्रमांकांच्या नोंदीचे कामही असेच, कोणी सांगितल्याशिवाय अंगावर आले. एकाच संगणकावर टपाल, फाइलींची देवघेव, दूरस्थ वापर अशा अनेक सेवा चालतात. आलेली माहिती कोणत्या सेवेसाठी आहे हे कळण्यासाठी प्रत्येक सेवेला ठरावीक क्रमांक लागतो आणि तो सर्वत्र सारखाच असावा लागतो. पोस्टेल यांनी हे क्रमांक एका वहीत टिपून ठेवण्यास सुरुवात केली. मे १९७२ मधील एका टिपणात त्यांनी अशा क्रमांकांचा एक ‘झार’ नेमावा, असे अर्धवट विनोदाने सुचवले. तो झार कोण, हे निराळे सांगावे लागले नाही. पुढे या कामाला ‘इंटरनेट असाइन्ड नंबर्स ऑथॉरिटी’, म्हणजे ‘आयाना’, असे भारदस्त नाव मिळाले. प्रत्यक्षात ही ऑथॉरिटी म्हणजे पोस्टेल, त्यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स आणि मोजके साहाय्यक.

कारभार किती साधा होता, याचे एक उदाहरण नोंदलेले आहे. सुरक्षित दूरस्थ जोडणीसाठी ‘एसएसएच’ ही प्रणाली तयार करणारे फिनलंडचे तातू युलोनेन यांनी जुलै १९९५ मध्ये ‘आयाना’ला ई-मेल पाठवून २२ हा क्रमांक मिळेल का, अशी विचारणा केली. २१ आणि २३ हे क्रमांक जुन्या सेवांकडे होते, मधला रिकामा होता. दुसऱ्याच दिवशी रेनॉल्ड्स यांचे उत्तर आले आणि क्रमांक मिळाला. शुल्क नाही, अर्जाचा नमुना नाही, सुनावणी नाही. आज जगातील असंख्य सर्व्हर याच २२ क्रमांकावरून हाताळले जातात.

पोस्टेल यांना केवळ नोंदणीदार मानणे मात्र अन्यायाचे ठरेल. १९७४ मध्ये संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून आणि काही वर्षे अन्य संशोधन संस्थांत घालवून ते मार्च १९७७ मध्ये मरीना डेल रे येथील माहितीशास्त्र संस्थेत दाखल झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी तत्कालीन ‘टीसीपी’च्या रचनेवर थेट टीका केली. माहितीचे तुकडे योग्य पत्त्यावर नेणे आणि सर्व तुकडे पोहोचल्याची हमी देणे ही दोन्ही कामे एकाच नियमावलीत कोंबली गेली होती. ती वेगळी करावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे सहकारी डॅनी कोहेन यांची अडचण आणखी व्यावहारिक होती. जाळ्यावरून आवाज पाठवताना एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो, कारण तोवर संभाषण पुढे गेलेले असते. १९७८ च्या सुरुवातीला सर्फ, कोहेन आणि पोस्टेल यांच्या चर्चेनंतर विभाजन मान्य झाले. पत्ता पाहून तुकडा पुढे ढकलण्याचे काम ‘आयपी’कडे गेले आणि हमीचे काम ‘टीसीपी’कडे राहिले. ज्यांना हमी नको, वेग हवा, त्यांच्यासाठी पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८० मध्ये ‘यूडीपी’ हे मानक लिहिले. त्याची लांबी अवघी तीन पाने.

सप्टेंबर १९८१ मध्ये ‘आयपी’ आणि ‘टीसीपी’ची मानके त्यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली, तर ऑगस्ट १९८२ मध्ये ई-मेलच्या वहनाचे मानक त्यांच्या नावावर आले. जुन्या नियमावलीवरून नवीवर जाण्याचा आराखडाही त्यांचाच. १ जानेवारी १९८३ हा दिवस त्यासाठी ठरला होता. मुदत जवळ येऊनही अनेक केंद्रे हलेनात, तेव्हा १९८२ मध्ये जुनी यंत्रणा एक दिवस मुद्दाम बंद ठेवण्यात आली आणि काही महिन्यांनी दोन दिवस. तक्रारींचा पाऊस पडला, पण काम मार्गी लागले. स्थित्यंतरातून आपण वाचलो, असे सांगणारे बिल्लेही तेव्हा काहींनी मिरवले.

आकड्यांचे पत्ते माणसाला लक्षात राहात नाहीत, म्हणून नावांची व्यवस्था हवी होती. ती आखण्याचे काम पोस्टेल यांनी आपल्याच संस्थेतील पॉल मोकापेट्रिस यांच्यावर सोपवले आणि १९८३ मध्ये ‘डोमेन नेम सिस्टीम’ अस्तित्वात आली. देशांच्या नावांचा प्रश्न यातला सर्वांत नाजूक. एखादा भूभाग देश आहे की नाही, हे ठरवण्याच्या फंदात पोस्टेल पडले नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या यादीत दोन अक्षरांचा संकेत असेल तर नाव मिळेल, नसेल तर नाही, असा सरळ नियम त्यांनी लावला. हा त्यांच्या कारकिर्दीतील बहुधा सर्वांत चतुर निर्णय. जगातील सीमातंट्यांचे ओझे त्यांनी अशा रीतीने दुसऱ्याच्या दारात ठेवले.

भारताच्या ‘डॉट इन’ची नोंद ८ मे १९८९ रोजीची आहे. तिचा कारभार मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे आला. सर्वसामान्य भारतीयांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे देशाचे नाव जाळ्यावर नोंदले गेल्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळाने. मार्च १९९४ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी अशा कारभाराचे तत्त्व स्पष्ट केले. नाव सांभाळणारी संस्था त्या देशातील आणि जगातील इंटरनेट समुदायाची विश्वस्त असते, आणि हक्क किंवा मालकी यांची भाषा येथे गैरलागू आहे, असा त्याचा आशय होता.

मालकीची भाषा मात्र दारात येऊन उभीच होती. १९९३ पासून ‘डॉट कॉम’सारख्या नावांची नोंदणी अमेरिकी सरकारी करारान्वये नेटवर्क सोल्यूशन्स ही खासगी कंपनी करीत होती. सप्टेंबर १९९५ पासून तिने प्रत्येक नावासाठी वर्षाला ५० डॉलर आकारण्यास सुरुवात केली. कालपर्यंत फुकट मिळणारी वस्तू एकाच दुकानात विकत मिळू लागली आणि असंतोष पसरला. पोस्टेल यांनी स्पर्धेसाठी नवी नावे आणण्याचे प्रयत्न केले. त्यांना कंपनीचा विरोध होता आणि सरकार धोरण ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेऊ पाहात होते.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी एक ई-मेल पाठवला. नावांची मूळ यादी जगाला पुरवणारे तेरा मूळ सर्व्हर होते आणि अन्य बारा सर्व्हर कंपनीच्या मुख्य सर्व्हरकडून यादी घेत. त्यांपैकी आठ सर्व्हरच्या चालकांना त्यांनी यापुढे यादी ‘आयाना’च्या सर्व्हरकडून घेण्यास सांगितले. आठही चालकांनी तसे केले. दोन्ही याद्या सारख्याच असल्याने सामान्य वापरकर्त्याला काही जाणवले नाही. पण इंटरनेटची किल्ली प्रत्यक्षात कोणाकडे आहे, हे त्या दिवशी उघड झाले. व्हाइट हाऊसचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हस्तक्षेप केला. ही केवळ चाचणी होती, अशी भूमिका पोस्टेल यांनी घेतली आणि काही दिवसांतच सर्व पूर्ववत झाले. ती खरोखर चाचणी होती की इशारा, यावर आजही मतभेद आहेत. आठ अनुभवी तंत्रज्ञांनी कारण न विचारता आज्ञा पाळली, ही वस्तुस्थिती मात्र पोस्टेल यांच्या नैतिक वजनाची साक्ष देते. त्याच वेळी अशी व्यवस्था पुढे का टिकणार नव्हती, हेही तीच सांगते. जगाचे व्यवहार ज्या जाळ्यावर येऊ घातले होते, ते एका सज्जनाच्या विवेकावर सोडणे कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते.

लांब दाढी, पायात साध्या चपला आणि सुटीत सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकंती, अशा या माणसाने ते ओळखले होते. आपल्या वहीचे संस्थेत रूपांतर करण्यासाठी त्यांनी १९९८ हे वर्ष खर्ची घातले. ३० सप्टेंबर रोजी ‘आयकॅन’ या ना-नफा संस्थेची कॅलिफोर्नियात नोंदणी झाली. तिचे तांत्रिक प्रमुखपद पोस्टेल यांच्याकडे येणार, असे मानले जात होते. सोळा दिवसांनी हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशीची तारीख असलेला सर्फ यांचा मृत्युलेख आरएफसी मालिकेतच २४६८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. ‘आयाना’चे काम ‘आयकॅन’कडे गेले आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकी सरकारनेही त्यावरील कराराधारित देखरेख सोडली.

पोस्टेल यांच्या मानकांचा हिशेब काळाने वेगवेगळ्या तऱ्हेने केला. ‘आयपी’च्या ३२ बिटांच्या रचनेत सुमारे ४२९ कोटी पत्ते मावत होते. ‘आयाना’कडील त्यांचा शेवटचा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. १२८ बिटांच्या ‘आयपीव्ही-६’चे पहिले मानक त्यांच्या हयातीतच, डिसेंबर १९९५ मध्ये आले होते. मोबाइल जाळ्यांच्या विस्तारामुळे त्याच्या वापरात भारत आज जगात आघाडीवर आहे. नावे केवळ इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची मर्यादाही गळून पडली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ देवनागरीत खुले झाले आणि मराठीतून संकेतस्थळाचे नाव नोंदवणे शक्य झाले. देशाचा संकेत आंतरराष्ट्रीय यादीत असला पाहिजे, ही पोस्टेल यांची अट या नव्या लिप्यांतील नावांनाही लावली जाते.

ई-मेलच्या मानकात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नव्हती. नको असलेल्या टपालाचा धोका पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्येच एका पानी टिपणात दाखवून दिला होता, पण सात वर्षांनी त्यांच्याच मानकात त्यावर उपाय आला नाही, ही उणीव मान्य करावी लागते. पाठवताना काटेकोर असावे आणि स्वीकारताना उदार, हे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्वही आता निर्विवाद राहिलेले नाही. सदोष माहिती मुकाट्याने स्वीकारत गेल्याने दोष पक्के होतात आणि हल्लेखोरांना वाट मिळते, असा युक्तिवाद २०२३ मधील एका आरएफसीत सविस्तर मांडला गेला. परक्या प्रयोगशाळेतील अनोळखी यंत्राशी कसेबसे बोलणे जमवायचे होते, त्या काळातले ते तत्त्व होते.

ऑगस्ट २०२२ मध्ये ‘टीसीपी’चे १९८१ चे मानक नव्या दस्तऐवजाने बदलले. त्याच्या वर्षभर आधी, मे २०२१ मध्ये, वेबसाठी ‘क्विक’ हे अधिक वेगवान वाहक मानक मंजूर झाले होते. ‘टीसीपी’ला बाजूला सारणारे हे मानक थेट ‘यूडीपी’वर चालते. पोस्टेल यांचा तो १९८० चा तीन पानी दस्तऐवज आजही लागू आहे.