पोप जॉन तेविसावा

पोप जॉन तेविसावा (मूळ नाव: आंजेलो ज्युझेप्पे रोंकाल्ली, २५ नोव्हेंबर १८८१ – ३ जून १९६३) हे १९५८ ते १९६३ या काळात रोमन कॅथोलिक चर्चचे पोप होते. दुसरी व्हॅटिकन परिषद त्यांनीच बोलावली. अण्वस्त्रांच्या युगातील युद्ध व शांतता यांविषयीच्या कॅथोलिक शिकवणीला त्यांच्या 'पाचेम इन तेरिस' (पृथ्वीवर शांती) या परिपत्रकाने नवे वळण दिले.

पूर्वजीवन

रोंकाल्ली यांचा जन्म उत्तर इटलीच्या बेर्गामो प्रांतातील सोत्तो इल मोन्ते या गावी, बटाईने शेती करणाऱ्या कुटुंबात झाला. १९०४ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पहिल्या महायुद्धात त्यांनी इटलीच्या सैन्यातील वैद्यकीय पथकात सार्जंट म्हणून व नंतर सैनिकांचे धर्मगुरू म्हणून सेवा केली. १९२५ पासून ते पोपचे प्रतिनिधी म्हणून बल्गेरियात आणि त्यानंतर तुर्कस्तान व ग्रीस येथे होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी इस्तंबूलमधून अनेक ज्यू निर्वासितांना सुटकेसाठी साहाय्य केले. पुढे ते फ्रान्समध्ये पोपचे राजदूत झाले. १९५३ मध्ये ते कार्डिनल व व्हेनिसचे पॅट्रिआर्क झाले.

पोपपद आणि क्यूबा पेचप्रसंग

२८ ऑक्टोबर १९५८ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांची पोपपदी निवड झाली. वयामुळे ही निवड तात्पुरती सोय मानली गेली. परंतु तीन महिन्यांच्या आतच त्यांनी परिषदेची घोषणा केली. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी परिषदेचे उद्घाटन झाले. त्यानंतर काही दिवसांतच क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका व सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले. २५ ऑक्टोबरला जॉन यांनी व्हॅटिकन रेडिओवरून दोन्ही बाजूंच्या राज्यकर्त्यांना वाटाघाटींचे आवाहन केले. सोव्हिएत वृत्तपत्र 'प्रावदा'नेही त्याला प्रसिद्धी दिली. २८ ऑक्टोबरला क्षेपणास्त्रे मागे घेण्याची घोषणा झाली. या सुमारास जॉन यांना पोटाचा कर्करोग झाल्याचे निदान झालेले होते.

पाचेम इन तेरिस

११ एप्रिल १९६३ रोजी प्रसिद्ध झालेले हे परिपत्रक केवळ कॅथोलिकांना नव्हे, तर सद्भावना असलेल्या सर्व माणसांना उद्देशून होते. संत ऑगस्टीन व थॉमस अॅक्वायनस यांच्यापासून चालत आलेल्या न्याय्य युद्धाच्या सिद्धान्तानुसार, काही अटींवर अन्यायाच्या निवारणासाठी युद्ध करणे समर्थनीय ठरत असे. अणुयुगात युद्धाला हक्क परत मिळवण्याचे साधन मानणे विवेकाला धरून नाही, अशी भूमिका जॉन यांनी घेतली. शांतता शस्त्रांच्या समतोलावर नव्हे, तर परस्परविश्वासावर उभी राहते, असे त्यांनी मांडले. शस्त्रस्पर्धा थांबवणे, शस्त्रसाठे एकाच वेळी घटवणे, अण्वस्त्रांवर बंदी आणि निःशस्त्रीकरणावर परिणामकारक देखरेख या त्यांच्या मागण्या होत्या. मानवी हक्क आणि जागतिक सार्वजनिक सत्तेची गरज यांचाही त्यात ऊहापोह आहे.

टीका

मार्च १९६३ मध्ये त्यांनी सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांची कन्या व जावई यांची भेट घेतली होती. एप्रिलमधील इटलीच्या निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाची मते वाढली, तेव्हा टीकाकारांनी पोपच्या मवाळ धोरणाला दोष दिला. दुसरा आक्षेप आशयाविषयीचा होता. केवळ शत्रूला धाक बसावा म्हणून अण्वस्त्रे बाळगणे नैतिक आहे का, याचे स्पष्ट उत्तर परिपत्रकात नव्हते.

मृत्यू व वारसा

परिपत्रकानंतर दोन महिन्यांच्या आत जॉन यांचे निधन झाले. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्को येथे अंशतः अणुचाचणीबंदी करारावर सह्या झाल्या. त्यांचे उत्तराधिकारी पोप पॉल सहावे यांनी डिसेंबर १९६४ मध्ये मुंबई भेटीत, शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग गरिबांसाठीच्या जागतिक निधीकडे वळवण्याचे आवाहन केले. १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने शहरांच्या सरसकट विध्वंसाचा निषेध केला, मात्र स्वसंरक्षणाचा हक्क मान्य ठेवला. १९८२ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी, निःशस्त्रीकरणाकडे नेणारा टप्पा म्हणूनच, अण्वस्त्रांचा धाक सशर्त ग्राह्य मानला. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अण्वस्त्रे बाळगण्याचाही निषेध केला. २७ एप्रिल २०१४ रोजी फ्रान्सिस यांनीच जॉन तेविसावे यांना संत घोषित केले होते.