झेआमी मोतोकियो

झेआमी मोतोकियो (जन्म: इ.स. १३६३ च्या सुमारास, मृत्यू: इ.स. १४४३ च्या सुमारास) हे जपानच्या मुरोमाची कालखंडातील नट, नाटककार आणि नाट्यशास्त्रकार होते. मृतात्म्याला रंगमंचावर आणून त्याच्याच मुखाने त्याची कहाणी ऐकविणाऱ्या 'मुगेन नोह' या नाट्यप्रकाराला त्यांनी परिपूर्ण रूप दिले.

त्यांचे वडील कानआमी हे यामातो प्रांतातील नटमंडळीचे प्रमुख होते. क्योतोतील इमागुमानो येथे पितापुत्रांचा प्रयोग शोगुन आशिकागा योशिमित्सू यांनी पाहिला, तेव्हा झेआमी जेमतेम बारा वर्षांचे होते. त्यानंतर त्यांना राजाश्रय लाभला. नटाच्या मुलास सहसा न मिळणारा दरबारी कवींचा सहवासही मिळाला. १३८४ मध्ये वडील वारल्यावर मंडळीची धुरा त्यांच्याकडे आली.

मुगेन नोहमध्ये प्रवासी भिक्षूला एखाद्या स्थळी साधा गावकरी भेटतो. उत्तरार्धात तोच मृतात्म्याच्या मूळ रूपात प्रकटतो. येथे मृत माणूस पुन्हा जगू लागत नाही. आसक्तीत वा वैरात गुंतलेला त्याचा जीव प्रार्थनेने सुटावा, एवढ्यासाठीच तो येतो. 'आत्सुमोरी' या नाटकात तर प्रार्थना करणारा भिक्षू हाच ११८४ च्या इचिनोतानीच्या लढाईत आत्सुमोरीला मारणारा योद्धा आहे. सूड घ्यायला आलेला आत्मा अखेरीस त्याला शत्रू मानत नाही.

मृताला दाखवावे की नाही, यावरून झेआमींचा स्वतःच्या मुलाशी मतभेद झाला होता. थोरला मुलगा मोतोमासा याच्या 'सुमिदागावा' नाटकात हरवलेल्या मुलाला शोधणाऱ्या आईला नदीकाठी त्याची समाधीच सापडते. मुलाचा आत्मा प्रत्यक्ष न दाखवता प्रयोग अधिक परिणामकारक होईल, असे झेआमींचे मत होते. मोतोमासाला ते साधण्याजोगे वाटले नाही. १४३० च्या 'सारुगाकू दांगी' या ग्रंथात ही नोंद आढळते. पुढे दोनच वर्षांत मोतोमासा इसे प्रांतात मरण पावला आणि वृद्ध पित्याला त्याच्यावर शोकलेख लिहावा लागला. (आजही 'सुमिदागावा'चे काही प्रयोग बालनटाविना होतात.)

शोगुन योशिनोरी यांची मर्जी झेआमींचे पुतणे ओनआमी यांच्यावर होती. १४३४ मध्ये झेआमींना सादो बेटावर हद्दपार करण्यात आले. तेथेही त्यांनी लेखन केले. 'फूशिकादेन' आदी त्यांचे शास्त्रग्रंथ नटघराण्यांत शतकानुशतके गुप्त राहिले. १९०९ मध्ये योशिदा तोगो यांनी त्यांतील सोळा ग्रंथ प्रसिद्ध केले.